सगळ्यांना पुरतील इतके पत्ते

सोमवार, ३ मार्च

नवी नोकरी, नवी खोली आणि ही नवी वही. खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून मशीनची टकटक येते आणि मला ती आवडते. कष्ट करणाऱ्या माणसाच्या आवाजाचा मला कधी त्रास झालेला नाही. किल्ली देताना शिंपीणबाईंनी विचारलं, एकट्याच का? मी म्हटलं, एकटी कुठे, तीन खोकी पुस्तकं आहेत सोबत. मग भांडायला माणूस लागलं तर खाली या म्हणाल्या. आमचं जमणार.

ऑफिस पायी बारा मिनिटांवर, तिसरा मजला, खिडक्या मोठ्या. काम असं, की मनापासून करावं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ही कंपनी एक मदतपेटी ठेवते. मुठीएवढी पेटी, वर लाल बटण. दाबलं की हाक नेटवर्कवरून आमच्या सर्व्हरला आणि तिथून ऐकणाऱ्यांच्या खोलीत. तिथे चौदा खुर्च्या आहेत, आणि बसणाऱ्यांना सगळे 'ऐकणारे' असंच म्हणतात. पलीकडे कुणी पडलं असो, छातीत कळ आली असो, ऐकणारा बोलत राहतो आणि मदत धाडतो. एकच नियम: आपण आधी ठेवायचं नाही. पलीकडच्याने 'ठेवतो' म्हटल्यावरच ठेवायचं. सगळ्यात जुनी ऐकणारी, जिला ऑफिसभर मावशी म्हणतात, तिने हा नियम मला पहिल्या दहा मिनिटांत तीनदा सांगितला.

मला आणलंय ते एका कामासाठी. नेटवर्क पुरवणारे २१ तारखेला जुन्या पद्धतीचे पत्ते कायमचे बंद करणार आहेत. त्याआधी आमचा पंधरा वर्षांचा प्रोग्राम नव्या पत्त्यांवर चालता झाला पाहिजे. मोठ्या बाई, म्हणजे मालकीण, म्हणाल्या की मागच्या ठिकाणी तुम्हाला भाषणामुळे काढलं असं ऐकलं. मी म्हटलं, भाषणामुळे नाही, भाषण खरं होतं म्हणून. त्या हसल्या. इथे भाषण ऐकायला चौदा माणसं पगारी ठेवलीत म्हणाल्या.

बुधवार, ५ मार्च

प्रोग्राम आणि नेटवर्क यांच्यामध्ये काही ठरलेली फंक्शनं असतात. नाव द्या, पत्ता शोधून देतात. दार उघडा म्हणा, उघडतात. आलेली जोडणी हातात आणून देतात. ज्या काळात ही लिहिली गेली त्या काळात पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. सगळ्या जगाला मिळून चारशे कोटींच्या आसपास. मग टंचाई, आणि टंचाई आली की ओढाताण आलीच. नवा पत्ता नुसता चौपट लांब. पण त्यातून किती पत्ते निघतात तो आकडा लिहायला एकोणचाळीस अंक लागतात.

आमच्या प्रोग्राममध्ये जिथे जिथे पत्ता ठेवलाय तिथे तिथे कुणीतरी चार आकड्यांच्या मापाने कापड कापलंय. अशा दोनशे सतरा जागा मोजल्या. प्रत्येक उसवायची, सैल करायची, पुन्हा शिवायची. जुनी फंक्शनं काढून नवी घालायची, कारण जुन्यांना लांब पत्ता दाखवला की ती सरळ नाही म्हणतात.

टंचाईत कंपनीने काय केलं तेही आज कळलं. ग्राहक वारला की पेटी परत यायची आणि त्याचा पत्ता पुढच्याला मिळायचा. यादीत एकूण २३,४१८ नोंदी, चालू पेट्या फक्त ४,१०६. एका पत्त्यावर तर अकरा नावं सापडली, एकावर एक.

फोनवर बाबांना सांगितलं. ते जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होते. म्हणाले, त्यात रडण्यासारखं काय, खिळे अपुरे पडले की मागचं पान मोडायचं आणि त्याच अक्षरांत पुढचं लावायचं. वर टोमणा मारलाच, की तू कामाला लागलीस म्हटल्यावर पत्तेसुद्धा लांबलचक होणारच.

शनिवार, ८ मार्च

कंपनीने कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना पेटी देऊ केली. बाबांच्या घरी आज लागली. इथून सहा तासांच्या गावी ते एकटे असतात आणि अलीकडे सकाळी उठताना त्यांना घेरी येते. आधी कुरकुरले, म्हातारा झालोय हे भिंतीवर लावून ठेवू का म्हणाले. मग शेजारच्या काकूंना बोलावून बटण दाबून दाखवलं. काकूंकडे घराची दुसरी किल्ली असते. मावशीने हाक घेतली आणि बाबा तिच्याशी वीस मिनिटं बोलत बसले. ठेवतो म्हणेचनात.

मी आता जे उसवतेय आणि शिवतेय त्याच्या टोकाला माझा बाप आहे. काम करायला याहून मोठं कारण लागत नाही.

सोमवार, १० मार्च

आज बैठक. भांडारी, म्हणजे परत आलेल्या पेट्या सांभाळणारे गृहस्थ, म्हणाले की नवे पत्ते फक्त चालू पेट्यांना द्या. गेलेल्यांची नावं काढून टाका, यादी हलकी होईल, देवाघरी कुणाला नेटवर्क लागतंय. सगळे हसले. मोठ्या बाईंनी मान डोलावली.

आणि मला राहवलं नाही. मी उभी राहिले. म्हटलं, 'जागा नाही' हे वाक्य आजवर नेहमी त्यालाच ऐकवलं गेलं ज्याला उलट बोलता येत नाही. इथे माणूस गेला की त्याच्या पत्त्यावर दुसरा बसवला, कारण अडचण होती. आता अडचण उरलेली नाही! मोजून संपणार नाहीत इतके पत्ते पडलेत आणि आपण अजून कात्री घेऊन बसलोय. यादीतलं एकही नाव खोडायचं नाही. ज्याने एकदा आपल्या भरवशावर बटण दाबलं त्याचा पत्ता कायमचा त्याचा. या दारातून कुणालाही परत पाठवायचं नाही.

टाळ्या पडल्या. मावशीने डोळे पुसले. निवडणुकीला उभी राहा म्हणाली, मी दोनदा मत देईन.

दुपारी त्याच ऊर्मीत लिहून टाकलं: एक नोंद, एक पत्ता. २३,४१८ नोंदी, २३,४१८ पत्ते. जुना आणि नवा पत्ता दोन्ही घेणारं एकच दार सर्व्हरवर तयार केलं. चाळीस सेकंदांत काम झालं.

शुक्रवार, १४ मार्च

नवं दार कालपासून चालू आहे. बाबांच्या पेटीवरून चाचणी घेतली, आवाज स्वच्छ. माझ्यावर खूश होऊन मोठ्या बाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

एक बारीक खोट दिसते. काल चालू पेट्यांवरून आलेल्या हाका ३११, पण ऐकणाऱ्यांनी घेतलेल्या ३१८. मावशी म्हणते, त्यातली एक तिने घेतली. कुणी आजोबा होते. आज वार कोणता विचारलं. तिने गुरुवार सांगितलं. मग काही नाही, नुसता श्वास. कुठे दुखतंय का, पडलात का, कुणाला पाठवू का. काही नको म्हणाले. फक्त ठेवू नका म्हणाले. दोन तास दहा मिनिटं. शेवटी तिची पाळी संपली तेव्हा दुसऱ्या ऐकणारीने तीच जोडणी पुढे घेतली. आता, म्हणजे आज दुपारी, चौथी ऐकणारी त्यांच्याशी बोलतेय.

पत्ता पाहिला. नोंदीत लिहिलंय, पेटी चार वर्षांपूर्वी परत आली.

माझीच चूक असणार. पत्ता एक घर पुढे सरकला असेल.

सोमवार, १७ मार्च

सरकलेला नाही. दोनशे सतरा जागा पुन्हा तपासल्या. नावं बरोबर आहेत, पत्ते बरोबर आहेत. जास्तीच्या हाका आता ९. सगळ्या परत आलेल्या पेट्यांच्या पत्त्यांवरून. सगळ्या उघड्या, एकही संपलेली नाही.

पत्ता दिला म्हणून यंत्र उभं राहत नाही. घराला क्रमांक दिला म्हणून घर बांधलं जातं का? मग त्या पत्त्यावरून बोलतंय कोण? भांडाऱ्यांना विचारलं, पेट्या दुरुस्तीवाल्याने कुठे जोडल्या नाहीत ना? ते म्हणाले, आमची निवृत्त मंडळी फळीवर झोपलीत, बॅटऱ्या काढून वेगळ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्यात, बाईसाहेबांनी स्वतः येऊन हजेरी घ्यावी.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी अकराला भांडारात गेले. लख्ख ऊन होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते. लोखंडी फळ्या, त्यावर पेट्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तारीख. भांडारी हिशोबाची वही आणायला बाहेर गेले आणि मला वाटलं, कुठेतरी रेडिओ चालू आहे. अगदी बारीक. मी फळीला कान लावला.

बोला, मी ऐकतेय. ती मावशी होती.

शेजारच्या पेटीत दुसरी ऐकणारी. हो आजी, मी इथेच आहे. त्याच्या खाली तिसरा आवाज. वरच्या फळीवर, मागच्या फळीवर, सगळ्या खोलीभर आमचीच माणसं हळू आवाजात धीर देत होती. एक पेटी उचलली. मागचं झाकण उघडलं. बॅटरीचा खण रिकामा. पेटी हातात होती आणि आतून मावशी म्हणत होती, घाबरू नका, मी ठेवत नाही.

भांडारी आले. त्यांनीही ऐकलं. त्यांनी टोपी काढली आणि जिना उतरून गेले. परत आले नाहीत.

गुरुवार, २० मार्च

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या भांडारात जाऊन आल्या. पुरवठादाराला फोन केला, उद्याची मुदत वाढवा म्हणून. शक्य नाही म्हणाले, चार हजार जणांसाठी सगळं गाव थांबेल का.

मग मी केलं. माझ्या हातांनी १९,३१२ पत्ते काढून टाकले. ज्यांच्यासाठी भाषण केलं त्यांचेच. चाळीस सेकंद. जास्तीच्या जोडण्या शून्यावर आल्या. ऐकणाऱ्यांच्या खोलीत एकदम सगळं गप्प झालं आणि मावशी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कुणाच्या तोंडावर दार आपटलंय.

संपलं एकदाचं.

शुक्रवार, २१ मार्च

दुपारी बाराला जुने पत्ते बंद झाले. बारा वाजून चार मिनिटांनी जास्तीच्या हाका सुरू झाल्या. एक वाजता २६.

मी हे विसरले कसं? नव्या पद्धतीत पत्ता कुणी द्यावा लागत नाही. यंत्र स्वतःचा पत्ता स्वतःच बनवतं. एकदा दार कुठे आहे हे कळलं, की झालं. आणि दार त्यांना मीच दाखवलं.

यादीतल्या पत्त्यांनाच आत घ्या असं सांगावं, तर जिवंतांच्या पेट्याही रोज नवा पत्ता घेतात. तशी सोय मीच ठेवली होती, सुरक्षित म्हणून. ओळखायचं कसं? आवाजावरून?

शनिवार, २२ मार्च

मोठ्या बाईंनी ऐकणाऱ्यांना सांगितलं की असली हाक आली की तोडा. कुणी तोडत नाही.

मावशीला विनवलं. ती म्हणाली, ही जी बाई बोलतेय ना, तिला मी सहा वर्षांपूर्वी ऐकलंय. गाडी पोचेपर्यंत बोलत होते, गाडी उशिरा पोचली. तेव्हा ठेवला नव्हता, आता ठेवू? मी म्हटलं, मावशी, अगं, जिवंत माणसं ताटकळतायत. त्यावर सगळ्या खोलीसमोर तिने मला माझंच वाक्य ऐकवलं. कुणालाही परत पाठवायचं नाही, असं कोण म्हणालं होतं गं? टाळ्या आम्ही फुकट वाजवल्या का?

मी वाद सोडून परत फिरले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांना काही नको असतं. पाणी नको, डॉक्टर नको. दार नीट लागलंय का, बाहेर ऊन आहे का, एवढंच विचारतात. आणि ठेवू नका म्हणतात. चौदाच्या चौदा खुर्च्या त्यांनी धरल्यात. सुट्टीवरच्यांना बोलावलं, टेबलं वाढवली, आता बावीस. बावीसही भरल्या. पडद्यावर रांग: ६१.

बाबांना फोन केला. पेटीवर विसंबू नका, फोन खिशात ठेवा, बरं नसेल तर काकूंना हाक मारा. ते हसले. जिथे माझी मुलगी बसलीय तिथे माझी हाक पोचणार नाही होय, म्हणाले.

सोमवार, २४ मार्च

आज एक गृहस्थ जिन्यावरून पडले. बटण दाबलं. रांगेत पन्नास मिनिटं. सुनेला ते खाली सापडले तेव्हा —

पोलीस येऊन गेले. मोठ्या बाई आता रडत नाहीत, नुसत्या बसून असतात.

चार वाजता त्या गृहस्थांची हाक आली. एका नव्या ऐकणाऱ्याने घेतली. ते म्हणाले, आता घाई नाही. ठेवू नका.

म्हणजे जो रांगेत मरतो तो रांगेत एक जागा धरतो. कायमची. रांग वाढते, म्हणून आणखी मरतात, म्हणून —

मंगळवार, २५ मार्च

दार बंद करा म्हटलं. सर्व्हरच बंद करा. मोठ्या बाई म्हणाल्या, मग चार हजार जणांनी कुणाला हाक मारायची? सगळ्यांना फोन करून सांगायला माणसं हवीत आणि माणसं सगळी ऐकतायत.

तरी मी दुपारी वायर ओढली. भिंतीतून. सर्व्हरचे दिवे गेले.

ऐकणारे बोलतच राहिले. त्यांना कळलंसुद्धा नाही. मी मावशीचा हेडफोन काढून कानाला लावला — बाई बोलत होती — दार नीट लागलंय का विचारत होती —

वायर पुन्हा लावली. निदान जिवंतांसाठी. रांग: २१२.

उद्या सकाळच्या गाडीने बाबांकडे जाते. त्यांना घेऊन येते. बॅग भरली.

बुधवार, २६ मार्च. सकाळी ८.१०

बाबा फोन उचलत नाहीत. तीनदा केला. काकू किल्लीसकट बाजारात गेल्यात, त्यांची मुलगी म्हणाली, आल्या की पाठवते. गाडी सोडली. ऑफिसात आलेय. सहा तासांत मी तिथे पोचणार, पण त्यांनी बटण दाबलं असेल तर ते आत्ता इथे आहेत. या रांगेत.

८.४०

तेविसावं टेबल लावून बसले. वही शेजारी ठेवलीय. दोन हाकांच्या मध्ये लिहिते. हाक घेते, आवाज ऐकते, बाबा नाहीत, ठेवते. मी ठेवते. मावशी माझ्याकडे बघत नाही.

९.२५

सत्तर झाल्या. एक बाई ओरडत होती, पाय मोडलाय म्हणत होती — ती जिवंत होती — मी ठेवल्यानंतर कळलं. परत शोधता येत नाही. ती पुन्हा रांगेच्या शेवटी. मी केलं हे. मी, जी —

रांग: २४०.

१०.५०

एकशे नव्वद. आवाज सगळे सारखेच वाटायला लागलेत. फोन अजून वाजतोय, कुणी उचलत नाही. काकू अजून —

११.१५

बाबा! बाबांचा आवाज!

न्हाणीघरात पडलो म्हणाले. सहाला. तेव्हापासून दाबतोय, तुमच्याकडे गर्दी फार दिसते म्हणाले. हसतायत. आता बरं आहे म्हणतात, दुखत नाही. मी म्हटलं, हलू नका, बोलत राहा, काकूंना पाठवते, मी ठेवत नाही, बाबा, मी ठेवत नाही.

११.२२

काकूंचा फोन आला. दुसऱ्या कानाला धरलाय. त्या किल्लीने आत शिरल्या. न्हाणीघराशी आहेत. रडतायत. गार आहेत म्हणतात. केव्हाचेच गार पडलेत गं, म्हणतात —

आणि या कानात बाबा विचारतायत, बाहेर ऊन आहे का.

आहे, बाबा.

समोर पडद्यावर रांग २५१ आहे. एक टेबल मोकळं झालं तर — ती पाय मोडलेली बाई — मला माहीत आहे. मला सगळं माहीत आहे. बोट जोडणी तोडायच्या बटणावर आहे आणि दाबवत —

बाबा म्हणतायत, कुणीतरी आलंय घरात. माझ्यावर वाकून बघतंय. शेजारची दिसते. मी एवढं बोलतोय तिच्याशी, तिला ऐकूच जात नाही, तू तरी सांग तिला, म्हणावं मी इथेच आहे, म्हणावं अजून